क्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स आणि आपला नित्याचा धर्म

महोत्सवाचें वर्ष म्हणजे हिशेबाचें वर्ष. देवमंदिराचा पाया कधीं घातला, घंटा कधीं आली, पहिले बाप्तिस्मे कोणाचे झाले, या गोष्टी आपण या दिवसांत एकमेकांस आठवून सांगत आहों, आणि त्या ऐकतांना अंतःकरण कृतज्ञतेनें भरून येतें. परंतु दगडविटांचा हिशेब पुरा झाला म्हणजे एक दुसरा हिशेब उरतो. ज्या श्रद्धेसाठीं हें मंदिर उभें राहिलें ती श्रद्धा आपणांस कितपत ठाऊक आहे? चुलीपाशीं, शेताच्या बांधावर, आजाऱ्याच्या उशाशीं ती आपल्या कितपत कामीं येते? हा प्रश्न आम्ही प्रथम आम्हांलाच विचारीत आहों. त्याचें उत्तर शोधतांना एका थोर धर्मगुरूचें चरित्र आमच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. तेंच आज प्रिय बंधुभगिनींपुढें ठेवीत आहों.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा पाय आपल्या बीड जिल्ह्याच्या मातीस कधीं लागला नाहीं. ते जन्मानें इंग्रज, दीक्षेनें येशूसंघीय आणि कर्मभूमीनें गोमंतकीय. तरीही ते आपले आहेत. कारण त्यांनीं आपल्या श्रद्धेची कथा आपल्या मराठी ओवींत गायिली. आपल्या अंबाजोगाईस आद्यकवि मुकुंदराजांची समाधि आहे. त्यांचा विवेकसिंधु इ. स. ११८८ चा मानला जातो. त्याच अंबाजोगाईस दासोपंतांनीं आपला प्रचंड ग्रंथसंभार रचला. दासोपंतांचा जन्म १५५१ चा व देहावसान १६१५ चें. फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमाराचा व मृत्यु १६१९ चा. गोदाकांठीं पैठणास एकनाथमहाराज १५९९ पर्यंत विद्यमान होते. म्हणजे ज्या काळांत आपल्या परिसरांत मराठी ओवी घरोघर निनादत होती, त्याच काळांत समुद्रकांठीं एक परदेशी धर्मगुरु तीच ओवी शिकत होता. आणि ती अशासाठीं कीं, प्रभु येशू ख्रिस्ताची शिकवण साध्या शेतकऱ्याच्या कानीं त्याला कळेल व रुचेल अशा वाणींत पडावी.

त्यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत बुश्टन नांवाच्या खेड्यांत झाला. वडील व्यापारी होते. परंतु काळ कठीण होता. राजा आठवा हेन्री यानें १५३४ सालीं रोमशीं नातें तोडलें होतें. पुढें राणी एलिझाबेथ हिच्या कारकिर्दींत १५५९ च्या कायद्यानें मिस्सा साजरी करणें हा गुन्हा ठरला. जो कोणी रविवारीं सरकारमान्य उपासनेस जाणार नाहीं त्याला दर खेपेस बारा पेन्स दंड होई. गरिबाला तो जड जाणाराच होता. अशा वेळीं पुष्कळांनीं मनाची समजूत घातली कीं, वरवर मान तुकवावी व अंतर्यामीं जें मानावयाचें तें मानावें. शिकवणुकींतील बारीकसारीक भेद पंडितांनीं पहावेत, सामान्य माणसास त्यांचें काय? ही समजूत दिसावयास शहाणपणाची होती. पण दोनतीन पिढ्यांत हजारों घरांतून मिस्सेची आठवणही तिच्यामुळें पुसून गेली.

तरुण थॉमस यांस हें शहाणपण मानवलें नाहीं. मिस्सा ही केवळ आठवण आहे कीं कालव्हारीवरील यज्ञ तेथें खरोखर आपणांपुढें येतो? ख्रिस्तसभेचा मेंढपाळ पेत्राचा वारस कीं देशाचा राजा? हे प्रश्न त्यांच्या दृष्टीनें पुस्तकी नव्हते. रविवारीं कोठें जावयाचें, लग्न कोणापुढें लावावयाचें, मरतांना कोणाला हांक मारावयाची, हें सारें त्या प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून होतें. त्यांचे स्नेही थॉमस पाउंड हे एकेकाळीं राणीच्या दरबारीं मानानें वावरलेले गृहस्थ. दोघांनीं रोमास जाऊन येशूसंघांत प्रवेश करण्याचा बेत केला, आणि स्टीफन्स पाउंड यांच्या सेवकाचा वेष घेऊन कांहीं काळ त्यांच्यासमवेत हिंडले. बेत सिद्धीस जाण्याच्या आधींच पाउंड पकडले गेले. त्यांच्या आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें निरनिराळ्या तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच रोमास पोहोंचले.

तेथें १५७५ च्या ऑक्टोबरांत ते येशूसंघांत दाखल झाले. त्याच वर्षीं रॉबर्ट पर्सन्स व हेन्री गार्नेट हे दोन इंग्रज तरुणही संघांत आले होते. पैकीं गार्नेट यांना पुढें १६०६ सालीं लंडनमध्यें फांशी झाली. रोममध्यें त्या वेळीं त्रेंत येथील धर्मपरिषदेचें वारें वहात होतें. ती परिषद १५६३ सालीं संपली, आणि १५६६ सालीं तिच्या आज्ञेनें पॅरिशच्या धर्मगुरूंसाठीं धर्मशिक्षणाचा ग्रंथ सिद्ध झाला. युरोपभर फूट पडण्याचें एक मोठें कारण धर्मजनांचें अज्ञान व आम्हां धर्मगुरूंची हयगय हें होतें, असें त्या परिषदेच्या धुरीणांस कळून चुकलें होतें. रविवारीं व सणाच्या दिवशीं लोकांना समजेल अशा शब्दांत तारणाचें सत्य सांगणें हें प्रत्येक धर्मगुरूचें कर्तव्य होय, असा दंडक परिषदेनें घालून दिला. हा दंडक स्टीफन्स यांनीं हृदयाशीं धरला. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्यास आल्यावर हातांत घंटा घेऊन रस्त्यारस्त्यानें मुलांना धर्मशिक्षणासाठीं बोलावीत असत. त्यांचीं पत्रें युरोपांतील तरुण मोठ्या आवडीनें वाचीत. त्या घंटेचा नाद स्टीफन्स यांच्याही कानीं पोहोंचला, आणि त्यांनीं हिंदुस्थानची वाट धरली.

दिनांक ४ एप्रिल १५७९ रोजीं ते लिस्बनहून पांच गलबतांच्या तांड्यांतून निघाले व २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास उतरले. लांबलेल्या प्रवासामुळें व अन्नपाण्याच्या टंचाईमुळें गलबतावरचे दीडशेंहून अधिक लोक आजारी पडले, व त्यांपैकीं २७ जण दगावले. उतरल्यावर तीन आठवड्यांच्या आंत, १० नोव्हेंबरला, त्यांनीं वडिलांना सविस्तर पत्र लिहून या समुद्रयात्रेची हकीकत कळविली. तें पत्र पुढें इंग्लंडांत छापलें गेलें. इंग्रजांची कंपनी स्थापन झाली ती १६०० सालीं. तिच्या आधीं एकवीस वर्षें हा इंग्रज हिंदुस्थानांत स्थायिक होण्यास आला होता. त्याला येथून न्यावयाचें कांहींच नव्हतें. ज्या सत्यासाठीं त्यानें घर सोडलें तें येथें द्यावयाचें होतें.

दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १५८० सालीं, त्यांना गुरुदीक्षा मिळाली व त्यांची नेमणूक सासष्टीस झाली. तेथेंच त्यांचीं पुढचीं जवळजवळ चाळीस वर्षें गेलीं. मडगांव, राशोल व आसपासचीं गांवें हें त्यांचें क्षेत्र. कधीं पॅरिशचे धर्मगुरु म्हणून, कधीं सासष्टीच्या महाविद्यालयाचे रेक्टर म्हणून त्यांनीं सेवा केली. ही भूमि शांत नव्हती. पोर्तुगीज सत्तेनें तेथील जुनीं देवळें पाडलीं होतीं, आणि लोकांच्या मनांत राग धुमसत होता. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें फादर रोदोल्फो अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती गांवकऱ्यांच्या हातून मारले गेले. ख्रिस्तसभेनें १८९३ सालीं त्यांना धन्य म्हणून घोषित केलें. त्या घटनेनंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवच्या प्रमुखांना वाटाघाटींच्या मिषानें बोलावून ठार केलें, हेंही तितकेंच खरें आहे, आणि तें झांकून ठेवणें आम्हांस उचित वाटत नाहीं. तलवारीच्या धाकानें मान लवते, मन लवत नाहीं. श्रद्धा ही मोकळ्या मनानेंच स्वीकारावयाची असते, हें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं साऱ्या जगापुढें स्पष्ट शब्दांत मांडलें. फादर स्टीफन्स त्या रक्तलांछित दिवसांचे साक्षीदार होते. त्यांनीं आपल्यापुरता मार्ग निवडला तो शब्दाचा, शिकवणुकीचा व सहनशीलतेचा.

शिकविण्यासाठीं प्रथम शिकावें लागतें. फादर स्टीफन्स यांनीं कोंकणी आत्मसात केली, मराठीचा अभ्यास केला, जुने ग्रंथ वाचून ओवीची चाल अंगीं बाणविली. १५८३ च्या ऑक्टोबरांत आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं या देशच्या भाषांचें ग्रीक व लॅटिन भाषांशीं असलेलें साम्य नमूद केलें आहे. युरोपांतील पंडितांचें लक्ष या गोष्टीकडे जाण्यास पुढें दोन शतकें लागावयाचीं होतीं. त्याच सुमारास न्यूबेरी, फिच वगैरे इंग्रज व्यापारी गोव्यांत कैदेंत पडले, तेव्हां त्यांच्या सुटकेसाठीं त्यांनीं खटपट केली. ज्या देशानें त्यांच्या धर्माला थारा दिला नाहीं त्या देशच्या माणसांवर त्यांनीं राग धरला नाहीं. खरी शिकवण मनुष्याला ताठ करते, पण कठोर करीत नाहीं, याचें हें एक लहानसें प्रत्यंतर होय.

आतां त्यांच्या जीवनकार्याकडे वळूं. सासष्टींत बाप्तिस्मे पुष्कळ झाले होते, परंतु बाप्तिस्म्यानंतर काय? नवख्रिस्ती लोकांना त्यांचीं जुनीं पुराणें व गाणीं वर्ज्य केलीं गेलीं. सायंकाळीं दिवा लागल्यावर ज्या घरांतून पूर्वीं कथा चाले, तेथें शांतता पसरली. मुलें प्रार्थना पाठ म्हणत, पण त्यांतील अर्थाचा त्यांच्या जीवनाशीं मेळ बसत नव्हता. घर रिकामें ठेवलें तर त्यांत कोणीतरी शिरणारच. प्रभूनें शुभवर्तमानांत हीच धोक्याची सूचना दिली आहे. फादर स्टीफन्स यांनीं हें ओळखलें. त्यांच्या पुराणाच्या आरंभींच त्यांनीं प्रसंग योजिला आहे तो असा : सासष्टींत धर्मशिक्षण चाललें आहे, आणि नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो आहे कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हीं काय वाचावें? हा प्रश्न गुरूला उद्धट वाटला नाहीं. त्यानें तो मनावर घेतला, आणि सृष्टीच्या आरंभापासून कथा सांगण्यास प्रारंभ केला.

तो ग्रंथ म्हणजे क्रिस्तपुराण. मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ आपल्या तारकाच्या जगांतील आगमनाविषयींचें निरूपण असा आहे. लोकांनीं मात्र त्याला पुराणच म्हटलें. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत जुन्या कराराची कथा असून त्याचे ३६ अवस्वर आहेत; दुसऱ्यांत प्रभूच्या जन्मापासूनची कथा असून त्याचे ५९ अवस्वर आहेत. सगळ्या मिळून ओव्या जवळजवळ अकरा हजार भरतात. प्रस्तावनेंत त्यांनीं सांगितलें आहे कीं, देवाधर्माचा विषय मांडण्यास मराठी भाषा योग्य म्हणून ती निवडली. पण शुद्ध मराठी सामान्य जनांस अवघड जाईल म्हणून तींत ब्राह्मणांच्या बोलींतले, म्हणजे कोंकणीचे, सोपे शब्द मिसळले. मराठीचा गौरव करतांना त्यांनीं तिला रत्नांच्या, फुलांच्या व सुगंधाच्या उपमा दिल्या, त्या आज शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक आहेत. परंतु ज्याच्यासाठीं त्यांनीं ही भाषा वापरली त्या हेतूकडे आपलें लक्ष क्वचितच जातें.

तो हेतु असा कीं, गोडव्यासाठीं सत्याला मुरड पडूं नये, आणि सत्याच्या नांवाखालीं भाषा कोरडी होऊं नये. परमेश्वर, वैकुंठ असे लोकांच्या तोंडचे शब्द त्यांनीं निःसंकोच घेतले, पण कथेच्या ओघांत त्यांना ख्रिस्ती अर्थ दिला. जेथें देशी शब्दानें अर्थाचा घोटाळा झाला असता तेथें ख्रिस्तसभेचा रूढ परकीय शब्दच राखला. देव एक आहे. त्यानें सृष्टि प्रेमानें निर्माण केली. पाप हें मनुष्याच्या स्वेच्छेचें फळ आहे. देवाचा पुत्र खरोखर मनुष्य झाला, खरोखर मेला व खरोखर उठला. हे विश्वासांगीकाराचे खांब त्यांनीं कोठेंही हलूं दिले नाहींत. आजी नातवाला मांडीवर घेऊन ओवी म्हणे, आणि त्या ओवीबरोबर विश्वासांगीकार नातवाच्या रक्तांत उतरे. रविवारीं व सणांच्या दिवशीं हें पुराण देवमंदिरांतून वाचलें जाई, व लोक तें आवडीनें ऐकत.

हा ग्रंथ आपल्या लिपींत छापावा अशी फादर स्टीफन्स यांची फार इच्छा होती. १६०८ सालीं त्यांनीं रोमास आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून या देशच्या अक्षरांचे खिळे पाडण्याविषयीं विनंती केली. अडचण त्यांनाही ठाऊक होती : युरोपीय लिपीचीं अक्षरें २४, तर येथील लिपीस जोडाक्षरें धरून सुमारें सहाशें साचे हवे होते. ती इच्छा पुरी झाली नाहीं. म्हणून खंत करीत न बसतां त्यांनीं रोमन अक्षरांतच मराठीचे उच्चार उतरविण्याची पद्धत बसविली, आणि १६१६ सालीं राशोल येथें क्रिस्तपुराण छापून निघालें. त्या वेळीं ते सदुसष्ट वर्षांचे होते.

मोठ्या ग्रंथाची कीर्ति मोठी. परंतु आम्हांस त्यांचें एक लहान पुस्तक तितकेंच मोलाचें वाटतें. तें म्हणजे कोंकणी भाषेंतील दौत्रिना क्रिस्तां, अर्थात् ख्रिस्ती धर्मशिक्षण. मार्कुश जोर्ज या येशूसंघीय धर्मगुरूंच्या पोर्तुगीज पुस्तकाच्या आधारें तें गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपानें रचलें आहे. क्रूसाची खूण, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार, दहा आज्ञा, साक्रामेंतें, एवढाच त्याचा विषय. जो पुरुष अकरा हजार ओव्या रचूं शकतो त्यानें लहान मुलांच्या प्रश्नोत्तरांसाठीं वेळ काढावा, यांतच त्याची खरी थोरवी आहे. हें पुस्तक छापलेलें त्यांनीं पाहिलें नाहीं. १६१९ सालीं, वयाच्या सत्तरीच्या सुमारास, त्यांनीं गोमंतभूमींतच देह ठेवला. पुस्तक १६२२ सालीं राशोलहून प्रसिद्ध झालें. त्यांचें कोंकणी व्याकरणही फादर दिओगु रिबैरु यांनीं भर घालून १६४० सालीं निघालें.

त्यांच्या ग्रंथाचें पुढें काय झालें तें ऐकण्याजोगें आहे. क्रिस्तपुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ व १६५४ सालीं निघाल्या. नंतर १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें हुकूम काढून लोकांनीं देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असें फर्मावलें. राजसत्तेनें पाठ फिरविली. छापील प्रती नाहींशा झाल्या. आज त्या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत उपलब्ध नाहीं. पण पुराण मेलें नाहीं. गोव्यांतून कानडा मुलखांत गेलेल्या कुटुंबांनीं तें हातानें लिहून काढलें, पेटींत जपलें, तोंडानें गायिलें. त्या हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुन्हां छापलें. आणि १९५६ सालीं पुण्याहून शांताराम बंडेलू यांनीं देवनागरी लिपींत त्याची आवृत्ति काढली. ज्या अक्षरांसाठीं फादर स्टीफन्स यांनीं १६०८ सालीं विनंती केली होती तीं अक्षरें त्यांच्या ग्रंथास साडेतीनशें वर्षांनीं लाभलीं. छापलेलें हरवलें, आणि जें माणसांच्या मुखीं व घरीं होतें तें टिकलें.

येथें आमचें मन या चरित्राकडून आपल्या गांवांकडे वळतें. आपला बीड जिल्हा १९७७ पासून औरंगाबाद धर्मप्रांतांत आहे. आपल्या आजे-पणज्यांपैकीं पुष्कळांस अक्षरओळख नव्हती; मास्तर सायंकाळीं कंदील घेऊन वस्तीवर येत, आणि कामावरून थकून आलेलीं माणसें त्यांच्यामागून एकेक वाक्य म्हणत. तेवढ्या शिदोरीवर त्यांनीं दुष्काळ काढले, पोरांचीं लग्नें लाविलीं, आपल्या माणसांना मूठमाती दिली. आज आपण लिहितां-वाचतां येणारे झालों आहों; परंतु दसरा-दिवाळी उलटली कीं आपल्या निम्म्याअधिक घरांना कुलूप लागतें. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायकोचा कोयता ट्रॅक्टरवर चढतो. आणि पुढचे पांचसहा महिने पश्चिम महाराष्ट्रांत वा कर्नाटकांत कारखान्याच्या आसऱ्यानें कोपींत जातात. तेथें देवमंदिर जवळ नाहीं, धर्मगुरु ओळखीचा नाहीं, आणि रविवार फडांतच मावळतो. अशा वेळीं बरोबर काय जातें? पीठ, तवा, वाकळ, कोयता; आणि डोक्यांत व हृदयांत जें असेल तें.

एक प्रसंग आम्ही येथें सांगतों. तो सांगतांना आम्हांस लाज वाटते. आमच्या सेवाकाळांतील गोष्ट आहे. कारखान्यावर गेलेल्या आपल्या एका कुटुंबांत कोपींत मूल जन्मलें, आणि चौथ्या दिवशीं रात्रीं तें अत्यवस्थ झालें. बाप अंधारांतून धर्मगुरूच्या शोधांत मैलोगणती धांवला. तो परतला तेव्हां मूल गेलें होतें. त्या कोपींत मोठीं माणसें पांच होतीं, पाण्याची घागर भरलेली होती. आणि अशा निकडीच्या वेळीं कोणाही मनुष्यास बाप्तिस्मा देतां येतो हें त्यांपैकीं एकालाही ठाऊक नव्हतें. पुढें कोणी शेजाऱ्यानें त्या माउलीला सांगितलें कीं, तिच्याच पापानें लेकरूं गेलें व आतां तें भटकत राहील. गांवीं परतल्यावर ती आमच्याकडे आली. आम्हीं तिला ख्रिस्तसभेची शिकवण सांगितली : लेकराचें मरण ही तिच्या पापाची शिक्षा नव्हे, ज्या प्रभूनें बालकांना आपल्याजवळ येऊं द्या असें सांगितलें त्याच्या दयेच्या हातीं ख्रिस्तसभा अशा बालकांना विश्वासानें सोंपविते. तिनें डोळे पुसले, आणि शांतपणें एवढेंच विचारलें कीं, हें सारें आम्हांला आधीं कां सांगितलें नाहीं?

त्या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं मंदिराचें छत दुरुस्त केलें होतें, सणांच्या मिरवणुका काढल्या होत्या, जेवणावळी घातल्या होत्या. परंतु एका मातेला जें ठाऊक असावयास हवें होतें तें शिकविलें नव्हतें. सासष्टींतील त्या ब्राह्मणाचा प्रश्न आणि या कोपींतल्या बाईचा प्रश्न एकच आहे. फादर स्टीफन्स यांनीं त्याला आयुष्यभराच्या कष्टानें उत्तर दिलें. आम्हीं तें देण्यास उशीर केला.

बंधुभगिनींनो, खरी शिकवण ही विद्वानांची चैन नव्हे. देव एक असून तो पिता आहे हें ज्याच्या मनीं ठसलें, त्याला करणीचें व भानामतीचें भय उरत नाहीं, आणि लिंबू-नारळाला पैसे मोजावे लागत नाहींत. देवाची कृपा विकत मिळत नाहीं हें ज्याला ठाऊक आहे, त्याला पैसे घेऊन रोग बरा करण्याचें वचन देणारा कोणी भोंदू फसवूं शकत नाहीं. विवाह हें साक्रामेंत आहे हें ज्यानें जाणलें, तो सुनेला हुंड्याच्या तराजूंत तोलीत नाहीं व दारू पिऊन बायकोवर हात टाकीत नाहीं. देहाच्या पुनरुत्थानावर ज्याचा विश्वास आहे, तो मयताच्या घरीं कर्ज काढून थाट करीत नाहीं. तो प्रार्थना करतो व आशा धरतो. उलट शिकवण चुकली कीं तिची झळ प्रथम गरिबालाच लागते. त्या माउलीला शेजाऱ्याच्या एका खोट्या वाक्यानें जें दुःख दिलें तें लेकराच्या मरणाहून थोडें नव्हतें.

म्हणून या महोत्सवी वर्षीं आम्हीं एक नेम केला आहे, आणि त्यांत आपली साथ मागत आहों. दसऱ्यापूर्वीं, टोळ्या निघण्याच्या आधीं, प्रत्येक वस्तीवर आम्ही व आमचे मास्तर सायंकाळीं बसूं. विश्वासांगीकार, दहा आज्ञा व सात साक्रामेंतें अर्थासह म्हणूं. निकडीच्या वेळीं बाप्तिस्मा कसा द्यावा तें आयाबायांना प्रत्यक्ष करून दाखवूं : ख्रिस्तसभा जें करते तेंच करण्याचा हेतु मनांत धरावा, डोक्यावर शुद्ध पाणी ओतावें, आणि ओततांना मुलाचें नांव घेऊन पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नांवानें आपण त्याला बाप्तिस्मा देत आहों असें म्हणावें, मग शक्य तितक्या लौकर धर्मगुरूला कळवावें, म्हणजे नोंद होईल. कोपींतही रोज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं घरांतील एकानें एक प्रश्न विचारावा व दुसऱ्यानें उत्तर द्यावें. ज्यांना गातां येतें त्यांनीं ओवींत म्हणावें. जात्यावरच्या ओवीचें वळण आपल्या म्हाताऱ्या आयांच्या गळ्यांत अजून आहे.

ज्या पुरुषानें खऱ्या शिकवणुकीसाठीं आपला देश सोडला, आणि तीच शिकवण आपल्या भाषेच्या ओंजळींत घालून चाळीस वर्षें गोरगरिबांना पाजली, त्याची समाधि आज आपणांस दाखवितां येणार नाहीं. त्याचें स्मारक आपण आपल्या घरांतच उभारूं या. पुढील हंगामीं आपल्या टोळ्या परत येतील तेव्हां त्यांच्या लेकरांच्या तोंडीं विश्वासांगीकार अर्थासह असावा, आणि कोणत्याही मातेला तो प्रश्न पुन्हां विचारण्याची पाळी येऊं नये, एवढेंच मागणें आम्ही या महोत्सवाच्या वेदीवर ठेवीत आहों. पवित्र मरिया, ज्ञानाचें आसन, आपणां सर्वांसाठीं विनंती करो.